मुहूर्तावर लागलेलं लग्न

सेलूत लग्नाच्या पत्रिकेवर मुहूर्त छापतात तो केवळ शोभेला, वरच्या गणपतीच्या चित्रासारखा. बारा पस्तीस छापलेलं असलं की पाहुणे साडेबाराला आंघोळीला जातात. दीडच्या सुमाराला एखादा उत्साही माणूस कार्यालयात डोकावतो, रिकाम्या खुर्च्या बघतो आणि पान खायला परत फिरतो. यात कुणाची फसवणूक नसते. छापणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं. अशा गावात माझ्या सख्ख्या भावाचं लग्न छापलेल्या मिनिटाला लागलं, आणि ते मी लावलं. आजही नात्यात कुठं उशीर झाला की लोक माझ्याकडं बघून हसतात. मुहूर्तावर माझी फार श्रद्धा आहे असं त्यांना वाटतं.

श्रद्धा कसली? माझ्या एका मित्राची परीक्षा होती.

बारावी सायन्सच्या आमच्या वर्गात उघडउघड दोन पार्ट्या होत्या. ज्यांच्या बापांची मोंढ्यात आडत दुकानं, जिनिंगमध्ये भागी किंवा गेला बाजार कापडाचं दुकान, ती आम्ही पोरं. आम्ही स्कूटीवर यायचो, सकाळ-संध्याकाळ ट्यूशनला जायचो आणि पंख्याखालचे बाक आपले समजायचो. दुसरी पार्टी रेल्वेच्या रुळांपलीकडची. हमालांची, गवंड्यांची, मजुरांची पोरं, आणि त्यांच्यात मिसळलेली वालूरहून एसटीनं येणारी काही. ते आम्हाला 'गादीवाले' म्हणायचे, कारण आमचे बाप दुकानात पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून बसत. आम्ही त्यांना 'रूळपार' म्हणायचो. बाकावरून भांडण, खिडकीवरून भांडण. एकदा तर फळ्यावर कुणाचा सुविचार लिहायचा यावरून खडूंची फेकाफेक झाली. सुविचार शांततेवर होता.

फिजिक्सच्या सरांनी यावर उपाय काढला. प्रॅक्टिकलच्या जोड्या लावताना त्यांनी प्रत्येक टेबलावर एक गादीवाला आणि एक रूळपारचा उभा केला. भांडायचंच असेल तर जोडीनं भांडा, म्हणाले. माझ्या वाट्याला आला तो त्या पार्टीतला सगळ्यात शांत मुलगा. चेहरा असा की देवळात प्रसाद वाटायला बसवावा. पहिला महिनाभर आम्ही एकमेकांशी फक्त आकड्यांत बोललो. तो मोजायचा, मी लिहायचे, आणि तास संपला की दोघंही दोन दिशांना तोंड करून निघायचो.

आमची मैत्री झाली ती लबाडीतून. लंबकाचा प्रयोग होता. हेलकावे मोजायचा कंटाळा आला म्हणून आम्ही पुस्तकातलं उत्तर खाली आधी लिहून टाकलं आणि उलटं गणित करत वरचे आकडे भरले. उत्तर तंतोतंत आलं. सरांनी ते बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि विचारलं की तुमच्या टेबलावरचं स्टॉपवॉच दिवाळीपासून बंद आहे, मग ही वेळ काय मनगटाची नाडी धरून मोजली? दोघांचीही रवानगी बाहेर लिंबाखाली झाली. मी त्याला म्हणाले, सगळं तुझ्यामुळं झालं. तर तो म्हणतो कसा, घड्याळ बंद असल्याचं त्याला सुरुवातीलाच कळलं होतं, पण मी इतक्या ऐटीत आकडे लिहीत होते की मध्ये बोलणं त्याला बरं दिसलं नाही. त्यावर आम्ही जे हसत सुटलो ते सरांनी आम्हाला लिंबाखालून हाकलून फाटकापाशी उभं करेपर्यंत.

तेव्हा कुठं मला त्या प्रसादाच्या चेहऱ्यामागचा माणूस दिसला. एक नंबरचा वात्रट. सरांच्या चालीची नक्कल तो सरांच्याच मागून चालत करायचा. माझ्या डब्यातली पोळी बोटानं दाबून, हे तूप हाय का वंगण, असं विचारायचा आणि ती खाऊन टाकायचा. त्याच्या डब्यातला ठेचा मी शहाणपणा करून चांगला घासभर खाल्ला, तेव्हा नळापर्यंत माझ्यामागं पळत येऊन त्यानं 'गादीवाले मुर्दाबाद'च्या घोषणा दिल्या. त्याला वाटायचं, आमचं घर मोठं म्हणजे तिथं भांडणं होत नसतील. मी सांगितलं की मोठ्या घरात ओरडावं जास्त लागतं, एवढाच फरक. दादाचं लग्न झालं की घरात माझ्या लग्नाचा विषय निघणार, मला संभाजीनगरला शिकायला पाठवायचं की नाही ते माझी आत्या ठरवणार, हेही एकदा सांगितलं. म्हंजी गादीवर बसलेल्याला उठता येत न्हाई, तो म्हणाला. मला त्या वेळी त्याचा फार आधार वाटला. माझ्या पार्टीतल्या मैत्रिणींना यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसतं.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. तो मधूनच कॉलेजला यायचा नाही. घरात दादाच्या लग्नाची बोलणी चालू होती, त्यामुळं कोणत्या दिवशी लग्नाची तिथ दाट आहे हे माझ्या कानावर असायचं, आणि हा नेमका त्याच दिवशी गायब. मला वाटलं, फुकटच्या पंगती झोडत फिरत असेल. दादाची तारीख ठरल्यावर मी त्याला म्हणाले की त्या दिवशी आमच्याच लग्नाला ये, उगाच परक्यांकडं जेवू नको.

"येणारच हाय," तो म्हणाला. "तुमच्या सगळ्यांच्या आधी येणार. मी असल्याबिगर तुझा दादा घोड्यावरून हलत न्हाई."

त्याच्या काकाची बँजो पार्टी होती आणि हा त्यात बँजो वाजवत होता. आधी वाजवणारा चुलतभाऊ पुण्याला कंपनीत लागला, तेव्हापासून हाच. वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. गादीवाल्यांच्या निम्म्या लग्नांत त्यानंच वाजवलेलं होतं, आणि ज्या पोरांना त्यानं आदल्या दिवशी नाचवलं त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला 'ए बँजो' म्हणावं, हे त्याला नको होतं. मी आठवून बघितलं. मावसबहिणीच्या लग्नात मी याच पार्टीपुढं घामाघूम होईपर्यंत नाचले होते. लाल कोट आठवले, सोनेरी झालर आठवली, तोंड एकही आठवेना. मला लाज वाटली आणि तसं मी त्याला सांगितलं.

"कोटच बघायचा असतो," तो म्हणाला. "म्हणून तर घालतेत. तू नाचतीस बरी, पण तालात न्हाई."

माझी बारावी आमच्या घरी कुणाच्याच पंचांगात नव्हती, त्यामुळं दादाचं लग्न नेमकं प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवसांत आलं. माझी बॅच आदल्या दिवशी होती म्हणून मी सुटले. त्याची बॅच लग्नाच्याच दिवशी, दुपारी एक वाजता. पत्रिकेवरचा मुहूर्त बारा पस्तीसचा, म्हणजे सेलूच्या घड्याळात तीन. अक्षता पडेपर्यंत बँडवाल्याला जागा सोडता येत नाही. बाहेरगावचे परीक्षक एकदाच येणार होते. गैरहजर राहिला तर विषय गेला, विषय गेला तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर काका तयारच बसला होता, की बास झालं कॉलेज, आता कायमचा पार्टीत ये. हे सगळं त्यानं मला एसटी चुकल्यासारखं सांगितलं. दाट तिथ, त्यामुळं जिल्ह्यातला प्रत्येक बँजोवाला कुठंतरी बांधलेला. सरांना सांगून बॅच बदलायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण वर्गात पोचणार. मी म्हणाले, बाबांना सांगते, ते दुसरा बँड बघतील. त्यावर तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. ऐन तिथीला काकाचं काम घालवायचं का, असं विचारलं. तुझ्या घरात माझं नाव काढायचं न्हाई, असंही बजावलं.

"मग लग्न वेळेवर लावलं तर?" मी विचारलं.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "सेलूत?" म्हणाला.

मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. आधी आत्या. बाबांची थोरली बहीण, जिच्यापुढं बाबा मान वर करत नाहीत. प्रत्येक लग्नात तिचा एक रुसवा ठरलेला असतो, आणि तो काढेपर्यंत नवरदेव देवळात बसून राहतो. संध्याकाळी तिचे पाय दाबता दाबता मी म्हणाले की गुरुजी जरा काळजीत दिसले. या वेळचा मुहूर्त टळला तर एकाला फार जड जाईल म्हणत होते. कुणाला, तिनं विचारलं. मी म्हणाले, मला नीट कळलं नाही, पण 'वराच्या आत्याला' असं काहीतरी ऐकू आलं. आत्यानं पाय ओढून घेतला.

तिथून मी गुरुजींकडं गेले. त्यांना सांगितलं की आत्या मुहूर्ताच्या बाबतीत फार कडक आहेत, मिनिटाचाही फरक खपायचा नाही, आणि त्यांनी काही विचारलं तर तुम्ही फक्त हो म्हणा, त्यांना वाद आवडत नाही. गुरुजींना त्या दिवशी आणखी लग्नं होती, त्यातलं एक थेट चारठाण्याला. त्यांचे डोळेच भरून आले. असे यजमान आयुष्यात भेटले नाहीत, म्हणाले. पुढं आत्यानं त्यांना गाठून, खरं का हो ते, असं विचारलं, तेव्हा गुरुजींनी हात जोडून शंभर टक्के खरं असल्याचं सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात आत्याएवढं घड्याळाकडं कुणी बघत नव्हतं.

मिरवणुकीचं खातं माझ्या मित्राकडं होतं. मारुतीच्या देवळातून कार्यालयापर्यंत नवरदेवाला वाजतगाजत नेतात, आमच्याकडं त्याला परण्या म्हणतात. पायी दहा मिनिटांची वाट, पण परण्याला दोन तास कमी पडतात. त्यानं मला समजावून सांगितलं की नवरदेव कुठं अडणार हे घोडेवाल्याच्या हातात नसतं, बँजोच्या हातात असतं. पुंगीची धून वाजली की माणसं रुमाल दातात धरून रस्त्यावर लोळतात, आणि ती उठेपर्यंत घोड्याला डुलकी लागते. तेव्हा पुंगी बंद. चाल अशी धरायची की नाचायला उचललेला पाय चालायलाच लागावा, आणि बँजो ज्यावर बसवलाय तो टेम्पो थांबू द्यायचा नाही. मी करवली, म्हणजे पाण्यानं भरलेला, वर नारळ ठेवलेला करा हातात धरून घोड्याच्या मागं चालणार. आमची खूण ठरली. करा उजव्या हातात असला तर सगळं ठीक, डाव्या हातात गेला तर गडबड.

लग्नाच्या सकाळी आत्या सूर्याच्या आधी तयार होऊन दारात उभी राहिली. कुणाला दुसरा चहा मिळाला नाही. रुसायचं तर ती विसरूनच गेली. परण्या निघाला तो असा निघाला की रस्त्याच्या कडेची माणसं कुतूहलानं बघू लागली. काळे गॉगल लावून आलेले आमचे मावसभाऊ अंग मोकळं करून नाचायला उभे राहिले, तोवर बँजो पुढं निघून गेलेला. ते पळत जाऊन गाठायचे, दोन पाय मारायचे, पुन्हा बँजो पुढं. त्यांतल्या एकानं टेम्पोला लोंबकळून पुंगीची फर्माईश केली. वरून तोच प्रसादाचा चेहरा म्हणाला की वायर गेलीय दादा, पुढच्या चौकात लावतो. पुढच्या चौकात म्हणाला, त्याच्या पुढच्या. घोड्यावर दादा नुसता हिंदकळत होता, आणि पानपट्टीवरच्या लोकांनी 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' म्हणून त्याला ऐकवून घेतलं. पुतण्याला काय झालंय हे काकालाही कळेना, पण आत्या येऊन, असं वाजवावं, म्हणून पाठ थोपटून गेल्यावर तो बिचारा गप्प बसला.

आम्ही कार्यालयात पोचलो तेव्हा नवरीचा एकच डोळा रंगवून झाला होता. तिची आई नुसती सैरावैरा पळत होती. मांडवात वाढपी, लहान पोरं, आत्याच्या चार मैत्रिणी आणि चुकून वेळेवर आलेले थोडे पाहुणे. तरी गुरुजींनी सगळं मांडलं, दुसरा डोळाही झाला, आणि मी करा उजव्या हातात घट्ट धरून उभी राहिले. अगदी त्याच वेळी बाबांनी हात वर केला.

साहेब यायचे राहिले होते. आमच्या तालुक्यात साहेबांनी माइकवर आशीर्वाद दिल्याशिवाय मोठ्या घरचं लग्न लागत नाही. बाबांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की साहेब निघालेत, म्हणजे साहेब उठलेत. गुरुजींनी मुहूर्त टळत असल्याचं सांगितलं, तर बाबा म्हणाले, टळू द्या, दरवेळी टळतोच. मी करा डाव्या हातात घेतला. मांडवाच्या कडेला लाल कोटांची रांग उभी होती. त्यानं माझा हात बघितला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि खाली मान घालून तो बँजोच्या तारा उगाच पुसत बसला. आशा लावली नसती तर निदान त्यानं हे आधीच गिळलं असतं. मीच खेळ मांडून त्याला इथवर आणलं होतं, आणि साहेबांपुढं चालेल अशी एकही थाप माझ्याकडं उरली नव्हती.

आत्या व्यासपीठावर चढली ती कुणाचा हात न धरता.

"साहेब येतील न जातील," ती बाबांना म्हणाली. "मला आजून जगायचंय."

बाबांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी म्हणाले, शंभर टक्के. आणि अंतरपाट धरला गेला.

आता फक्त मामी उरल्या होत्या. आमच्या मामी मंगलाष्टका स्वतः रचतात. त्यात दोन्हीकडच्या झाडून साऱ्या नातेवाइकांची नावं असतात, मोबाइलमध्ये बघून म्हणतात, आणि एकेका कडव्याला शेंग भाजून होते. मामींनी पहिलं कडवं संपवून 'सावधान' म्हटलं आणि दम घ्यायला तोंड मिटलं, तोच बँजो कडाडला. वाजंत्री कधी वाजतात हे सगळ्यांना माहीत असतं. शेवटचं सावधान झाल्यावर. भुकेल्या लोकांनी मुठीतल्या साऱ्या अक्षता एकदम उधळल्या आणि पंगतीकडं तोंडं फिरवली. चारठाण्याची वाट डोळ्यांपुढं असलेल्या गुरुजींनी अंतरपाट खाली ओढला, दादानं हार घातला, वहिनीनं घातला, लग्न लागलं. घड्याळात बारा पस्तीस झाले होते. मामी मोबाइल हातात धरून तशाच उभ्या. उरलेली कडवी त्यांनी पुढं माझ्या लग्नात म्हटली, सगळी.

काकानं हात उगारलेला मी पाहिला. मग पुतण्या आत्याकडं बोट दाखवून काकाच्या कानाशी काहीतरी बोलला आणि काकाचा हात तिथंच थांबला. पण हार-तुरे, फोटो, पुन्हा दोन धुना वाजवून होईपर्यंत वेळ सरकलीच. मग तो फाटकाकडं पळत सुटला. कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला. पळून तो पोचणार नव्हता. इथवर मी जे केलं होतं त्यात मला कुणी धरू शकलं नसतं. पुढचं ठरवलेलं नव्हतं. माझी स्कूटी बाहेर उभी होती, किल्ली कमरेला खोचलेली होती. मी गाडी त्याच्या पुढ्यात नेऊन थांबवली आणि बस म्हणाले.

"येडी झालीस का?" तो म्हणाला. "लोक बघायलेत."

बघू दे, मी म्हणाले, एक वाजायलाय. तो मागं बसला, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. करवलीनं करा खाली ठेवायचा नसतो, म्हणून तो मी त्याच्याकडं दिला. सेलूच्या भर रस्त्यातून आम्ही निघालो. पुढं पैठणीत, नथ सावरणारी मी आणि मागं सोनेरी झालरीचा लाल कोट घालून, करा नि नारळ छातीशी धरलेला तो. कापसाच्या टेम्पोंची रांग मोंढ्यापासून बाहेर आलेली, तिच्या कडेकडेनं गाडी काढली. समोरून आमचेच पाहुणे कडक इस्त्रीत येत होते. परण्या निघाला का, असं हात करून विचारत होते. मी ओरडून सांगत होते की लग्न लागलं. लोक हसत होते आणि सावकाश येत होते. मग साहेबांच्या गाड्या आल्या. साहेबांनी काच खाली करून सवयीनं आम्हाला नमस्कार केला, तर यानं मागून करा उंच करून त्यांना आशीर्वाद दिला. मी इतकी हसले की गाडी दुभाजकाला लागता लागता वाचली.

कॉलेजच्या फाटकात तो उतरला आणि जागेवरच थांबला. शर्ट बँडच्या टेम्पोत राहिला होता. कोटाच्या आत फाटकं बनियन. वर प्रयोगशाळेच्या खिडक्यांतून पोरांचे आवाज येत होते, दोन्ही पार्ट्यांचे.

मी म्हणाले, जा ना. कळलं तर कळू दे, काय होतंय?

"तुला काय होतंय?" तो म्हणाला. "तू गाडी फिरवून जाशील. त्या खोलीत मला जायचंय."

सकाळपासून अख्खं गाव हलवलं म्हणून मी फुशारकीत होते, आणि खरं अवघड होतं ते हे फाटकापासून टेबलापर्यंतचं अंतर. ते त्याच्या एकट्याच्या वाट्याचं होतं. मी त्याच्या हातातून करा काढून घेतला आणि त्याच्या आधी जिना चढले.

प्रयोगशाळेच्या दारात मी उभी राहिले तेव्हा सगळ्या माना वळल्या. नाकात नथ, डोक्यावर गजऱ्यांचं ओझं, हातात करा. मी म्हणाले, सर, काल माझी पट्टी राहिली. आधी एक जण हसला, मग सगळी खोली. गादीवाले आणि रूळपार एकाच गोष्टीला एकदम हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पाहुणे परीक्षक सरांना विचारत होते की ही इथली काही प्रथा आहे का. मी प्रत्येक टेबलाखाली वाकून पट्टी शोधली, आणि वाकताना नारळ सुटून गडगडत गेला, तो धरायला चौघं धावले. त्या गोंधळात लाल कोट माझ्या पाठीमागून आत सरकला आणि आपल्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. सरांनी मला नारळासकट बाहेर काढलं. मी खिडकीशी भिंतीला टेकून दम खात राहिले. स्वतःवर मी भलतीच खूश होते. त्याच्याकडं कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं.

मग परीक्षकांचा आवाज आला. ते त्याच्या टेबलापाशी पोचले होते. हा कोट कसला, असं त्यांनी विचारलं. मी मनात म्हणाले, गॅदरिंगचा सांग, नाटकाचा सांग, काहीही सांग. थापांत तो माझ्यापेक्षा कमी नव्हता.

"बँजो पार्टीचा हाय, सर," तो म्हणाला. "मी बँजो वाजवतो. लग्नातनं सरळ आलो."

आवाज त्यानं खाली घेतला नाही. साऱ्या खोलीला ऐकू जाईल असा बोलला. कुणी हसलं नाही. कुठंतरी स्टूल सरकलं. परीक्षक म्हणाले, बरं, कर सुरू. त्याला लपवायला मी एवढी सोंगं केली होती, आणि तो दोन वाक्यांत सांगून मोकळा झाला. मी खिडकीखाली बसून काजळ गालावर येईस्तोवर रडले.

कार्यालयात परत आले तेव्हा माझ्याआधी बातमी पोचली होती. शेठची पोरगी बँडवाल्याला गाडीवर घेऊन गेली. मांडवात उशिरा आलेल्या पाहुण्यांची झुंबड, लग्न खरंच लागलं का म्हणून जो तो विचारतोय, आणि साहेब पानावर बसलेले. बाबा मला हात धुण्याच्या टाकीपाशी घेऊन गेले. येताना वाटेत मी थाप तयार केली होती. बँडवाल्याला उन्हानं चक्कर आली, दवाखान्यात सोडलं. चांगली थाप होती, आत्यानं तर डोळे पुसले असते.

कोण होता तो, बाबांनी विचारलं.

"माझा मित्र हाय," मी म्हणाले. "माझ्या वर्गात हाय. त्याची परीक्षा होती, म्हणून मी लग्न वेळेवर लावलं."

बाबांनी पुढचा प्रश्न विचारला. आमच्याकडं हा एक विचारला की बाकीचे विचारावे लागत नाहीत. आडनाव काय?

मी सांगितलं. आधी त्याचं नाव, मग त्याच्या वडिलांचं, मग आडनाव. आवाज मीही खाली घेतला नाही. साहेबांच्या पंगतीत बोलणं थांबलं, म्हणजे तिथवर गेलं असावं. बाबांच्या कपाळाची शीर उडताना मला दिसत होती. त्यांनी हात पुढं केला आणि मी गाडीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. ती खिशात घालून ते साहेबांकडं निघाले. चार पावलं गेले, थांबले आणि माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "पोचला का वेळेत?"

"पोचला," मी म्हणाले.